मिठाची गुळणी

त्या घरात वजीरचं एखादं वाक्य पुरं झालं असेलच, तर ते तिने झोपेत उच्चारलेलं. जागेपणी तशी सोय नव्हती.

वजीर म्हणजे वहिनीची नणंद. बुद्धिबळाच्या पटावरून हे नाव तिच्या दादाने लहानपणीच ठेवलं होतं, कारण चाकांच्या खुर्चीतून न उठता ती चारी दिशांना हुकूम सोडायची. जन्मापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नाहीत. जीभ ऐकते, पण आधी अर्ज विचारात घेते. शब्द एकेक करून येतात, दोन शब्दांमध्ये माणूस जाऊन दार लावून येईल एवढी फट ठेवून. डोकं मात्र असं चालतं की समोरचा काय बोलणार ते तिला त्याच्या आधी कळलेलं असतं. फरक एवढाच, की ती सभ्यपणे थांबते.

आता आपली भाषा अशी, की सगळी हकीकत आधी आणि निकाल शेवटी. 'मला ते दूध' इथपर्यंत ऐकून कुणाला काही कळत नाही. पुढे 'हवं' येतंय की 'नको', त्यावर सगळा मामला. आणि नेमक्या त्याच जागी वजीर श्वास घ्यायला थांबायची.

"मला दूध…"

"हवंय होय? आणते हं," म्हणत सासूबाई ग्लास घेऊन हजर.

"मला खिडकीपाशी…"

"वारा लागतो ना? सरकवतो," म्हणत दादा खुर्ची आत ओढायचा.

बुद्धिबळात तर कहर होता. वजीर "घोडा…" म्हणाली की दादा तिचा घोडा आपणच उचलून आपल्याला सोयीच्या घरात ठेवायचा आणि वर "वा, छान चाल" अशी दाद द्यायचा. दादा वर्षानुवर्षं जिंकत आला होता आणि आपला खेळ सुधारतोय अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला हे फार खटकलं होतं. ती शिकलेली, बारकाईने बघणारी. पण बारकाईने बघणाऱ्याला काळजी लवकर लागते आणि काळजी लागलेल्याला धीर निघत नाही. छकुली झाल्यापासून तर तिने सगळ्या जगाची तीन गटांत वाटणी केली होती: भाजणारं, टोचणारं आणि घशात अडकणारं. हळूहळू तीही वजीरची वाक्यं झेलायला लागली, आणि खरं सांगायचं तर तिच्याइतका चपळ झेल घरात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

वजीरला मदत करायला एका संस्थेची बाई यायची. तिला घरात घाईबाई म्हणत. घाईबाईच्या वेळा संस्था ठरवायची, कारण मदतीचे सरकारी पैसे संस्थेला मिळायचे, वजीरला नाही. संध्याकाळची फेरी घाईबाईला लवकर आटपायची असे, म्हणून ती वजीरला दिवसाउजेडी अंथरुणात घालायची. बाहेर पोरांचा खेळ रंगात आलेला, पाखरं अजून घरी परतायची आहेत, आणि तिशी ओलांडलेली वजीर गळ्यापर्यंत चादर ओढून छताकडे बघत पडलेली. "किती गुणी आहे," घाईबाई जाता जाता म्हणायची. "कधी तक्रार नाही."

अशात हे पैसे देणाऱ्या सरकारी कार्यालयाने नवी व्यवस्था आणली. यापुढे पैसे थेट ज्याचे त्याला मिळणार. मदतीला कोण हवं, किती वाजता हवं, कशासाठी हवं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. अट एकच. कार्यालयाचा सल्लागार घरी येणार आणि निवड त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून ऐकणार. ते जमलं नाही तर जुनी संस्था आहे तशी चालू राहणार.

ही बातमी दादाने मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा वजीर खुर्चीत अशी सरळ झाली की वहिनीला वाटलं, हिला कळ आली की काय.

सल्लागार आला तो अगदी मऊ बोलणारा, मान डोलावत ऐकणारा तरुण. बूट दाराबाहेर सरळ रेषेत काढून ठेवणारा. त्याने खुर्ची वजीरच्या समोर ओढली आणि विचारलं, "बोला, तुमच्या मनात काय आहे?"

वजीर किती दिवस याची तयारी करत होती. तिने सुरुवात केली. "मला… संस्थेची… बाई…"

"हवीच," सासूबाई म्हणाल्या. "तिच्यावाचून आमचं पान हलत नाही हो."

सल्लागाराने टिपून घेतलं.

"संध्याकाळी… इतक्या लवकर… झोपायला…"

"आवडतं तिला," दादा म्हणाला. "पडल्या पडल्या डोळे मिटते."

"आणि… बाहेर… फिरायला…"

"भीती वाटते," वहिनी म्हणाली. म्हणून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की भीती तिला स्वतःला वाटते. पण तोवर तेही टिपलं गेलं होतं.

वजीरचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. "दमल्या वाटतं," सल्लागार कनवाळूपणे म्हणाला आणि उठला. "चित्र स्पष्ट आहे. संस्था चालू ठेवू या. पुढच्या आठवड्यात त्यांची संमती तेवढी घेऊन जाईन. ती एकदा घेतली की वर्षभर बदल नाही."

तो गेला. वजीरने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"तुम्ही… सगळे… एकजात…" ती म्हणाली आणि श्वास घ्यायला थांबली.

त्या दिवशी पहिल्यांदाच तिचं वाक्य पुरं करायला कुणी पुढे झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी छकुलीला केळं भरवत होती. छकुली नुकती बोलायला शिकत होती. तिने चमचा दूर लोटला, भुवया चढवल्या आणि "पा…" म्हणाली.

"थांबा, थांबा, बोलतेय," सासूबाईंनी हातातलं काम टाकलं. दादा आतून धावत आला. तिघं श्वास रोखून उभी राहिली. "पा… पा…" छकुली म्हणाली, मध्ये पंख्याकडे बघून आली, स्वतःचं पाऊल पाहिलं, पुन्हा "पा…" म्हणाली. वहिनीचा चमचा हवेत. कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी "पाय" असा शब्द बाहेर पडला आणि घरात दिवाणखाना दणाणून जाईल असं कौतुक झालं.

कोपऱ्यातून वजीर हे बघत होती.

"माझ्या… वेळी… असं… कुणी…"

"थांबलं नाही, हो ना?" वहिनी हळहळून म्हणाली.

वजीरने डोळे मिटले. घासातला खडा बाजूला काढावा तसं तिने वहिनीचं वाक्य बाजूला काढलं आणि आपलं पहिल्यापासून सुरू केलं. "माझ्या… वेळी… असं… कुणी… थांबलं… असतं… तर… मी… इतकी… बडबडले… असते… की… तुम्ही… घर… सोडून… पळाला… असता."

एवढं ऐकेपर्यंत छकुलीने उरलेलं केळं आईच्या केसांत सारवलं होतं. वहिनी जागची हलली नाही. पण हलायचा, बोलायचा, मध्ये काहीतरी घालायचा मोह तिला किती वेळा झाला, हे तिचं तिलाच माहीत. शरम वाटली ती त्याचीच.

"आता तो माणूस येईल तेव्हा आम्ही कुणी बोलणार नाही," ती म्हणाली. "वचन देते."

"तुला… जमणार… नाही," वजीर शांतपणे म्हणाली. आणि जमलं नाहीच. संध्याकाळपर्यंत वहिनीने तिची सगळी मिळून इतकी वाक्यं तोडली की ती स्वतःच रडकुंडीला आली. तोंड आपलंच, पण लगाम कुणाच्या हातात आहे ते कळत नव्हतं.

उपाय सापडला तो सासूबाईंच्या घशामुळे. त्यांचा घसा बसला होता म्हणून सकाळी त्या मोरीपाशी उभ्या राहून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होत्या. तोंड भरलेलं, गाल फुगलेले, आणि नेमकी तेव्हाच वजीरने हाक मारली.

"आई… मला… दूध…"

सासूबाईंनी हात हलवला. घशातून गुर्र असा आवाज काढला. बोलता येत नव्हतं.

"…नको," वजीर म्हणाली. तिला स्वतःलाच नवल वाटलं असावं. मग पुढे म्हणाली, "कधीच… नको… होतं."

सासूबाईंनी गुळणी गिळली. मिठासकट. इतक्या वर्षांचं दूध त्यांच्या डोळ्यांसमोरून वाहून गेलं.

वहिनी दारात उभी राहून हे पाहत होती. माणूस ऐन वेळी गप्प बसला की 'मिठाची गुळणी धरून बसलास का' असं आपण टोमण्याने म्हणतो. तिने ठरवलं, टोमणा राहू दे, खरोखरच धरायची. त्याच दुपारी टेबलावर मिठाच्या पाण्याचे ग्लास आले. वजीर बोलायला लागली की प्रत्येकाने एक घोट तोंडात धरायचा आणि तिचं क्रियापद आल्याशिवाय सोडायचा नाही.

"साधं पाणी चालणार नाही का?" दादाने कुरकुर केली.

"साधं तू गिळशील आणि बोलशील," वहिनी म्हणाली. "तुला ओळखून आहे मी."

पहिल्या दिवशी सासूबाईंना हसू आलं आणि वर्तमानपत्राची दोन पानं वाया गेली. दुसऱ्या दिवशी दादा बुद्धिबळ हरला. वजीर "घोडा…" म्हणाली, दादा गाल फुगवून बसला, आणि घोडा तिला जिथे हवा होता तिथे गेल्यावर पुढच्या काही चालींत त्याच्या राजाला पळायला जागा उरली नाही. "ही आधीपासून अशी खेळते?" त्याने बायकोला विचारलं. बायकोच्या तोंडात गुळणी होती.

जसजशी वाक्यं पुरी व्हायला लागली तसतशी एकेक गोष्ट उलटी होत गेली. खिडकीपाशी तिला बसायचं होतं. भिंतीचा गुलाबी रंग तिने निवडलाच नव्हता. 'गुलाबी रंग' म्हणून ती थांबली होती, एवढंच. आणि एका संध्याकाळी ती म्हणाली, "मदतीला… मला… आई…" सासूबाई भरल्या तोंडाने कौतुकाने मान हलवायला लागल्या, तोच शब्द आला, "…नको."

सासूबाईंची मान हलता हलता थांबली. घाईबाईच्या सुट्टीच्या दिवशी वजीरचं सगळं त्याच करत. त्यांनी घोट गिळला, पदराने तोंड पुसलं.

"माझं काय चुकलं?"

"काही… नाही. तू… आंघोळ… घालताना… भांडता… येत… नाही." वजीरने श्वास घेतला. "आणि… मला… तुझ्याशी… भांडायचंय."

सासूबाई रुसल्या. जेवायला बसल्या नाहीत. पण तासाभराने पत्त्यांचा जोड घेऊन त्या वजीरसमोर येऊन बसल्या आणि पहिल्याच डावात दोघींचं असं जुंपलं की शेजारीण डोकावून गेली.

"मग मदतीला कोण हवंय तुला?" वहिनीने विचारलं आणि पटकन घोट घेतला.

"टाचणी."

टाचणी म्हणजे कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी बाई. वजीरच्या हाताला साध्या बाहीत शिरायला वेळ लागतो, म्हणून तिचे कपडे काखेपासून मनगटापर्यंत उघडणारे, खास शिवून घ्यावे लागत. मापं घ्यायला टाचणी घरी यायची. चोख कामाची, पण दंडाच्या मापाबाहेरची दुनिया तिला ठाऊक नसावी, असं वहिनीला वाटायचं.

वहिनीने घोट गिळला आणि ठसकली. "तिला काय येतं? तिने कधी कुणाला उचललंय? तुझा तोल गेला तर? औषधं? त्यापेक्षा शिकलेली एखादी परिचारिका बघू की. मी चौकशी करून ठेवलीये."

"माप… घेताना… तिच्या… तोंडात… टाचण्या… असतात," वजीर म्हणाली. "म्हणून… तिला… माझ्याबद्दल… सगळं… माहितीये."

टाचणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला उचलायला शिकवा, मी शिकेन. दिवसभर कॉलरी उलटवून डोळे गेले माझे. आणि तुमची वजीर बोलते भारी. तुमच्या सगळ्यांच्या नकला करते, ठाऊक आहे का?"

ठाऊक नव्हतं. वहिनीला ते तेव्हापासून छळायला लागलं. आपली नक्कल कशी असेल, हा प्रश्न होताच. पण मुख्य काळजी वेगळी. टाचणीच्या हातून वजीर पडली तर? एकदा निवड झाली की वर्षभर बदल नाही. तिला टाचणी नको होती. अगदी मनापासून नको होती.

ठरल्या दिवशी सल्लागार आला, बूट सरळ रेषेत काढले, खुर्ची ओढली. सासूबाई आणि दादा आपापली गुळणी धरून कोचावर शेजारी शेजारी बसले होते, दोन सुजलेल्या दाढांसारखे. सल्लागाराने नमस्कार केला. दोघांनी गाल फुगवून नमस्कार परत केला. वहिनीला दार उघडायचं होतं, म्हणून तिच्या तोंडात काही नव्हतं. तिचा भरलेला ग्लास टेबलावरच होता.

"हं, तर मग संस्था चालू ठेवायची ना?" सल्लागार म्हणाला.

"मला… मदतीला… संस्थेची… बाई… नको," वजीर म्हणाली. तिने 'नको'पर्यंत एका दमात जायचा सराव केला होता. "मला… ती… शिवणकाम… करणारी…"

तिथे तिचा दम संपला.

"शिवणकाम?" सल्लागार हसला. "अहो, ते या व्यवस्थेत बसत नाही. तुम्हाला म्हणायचंय की संस्थेची नको, पण एखादी प्रशिक्षित परिचारिका हवी. बरोबर? उत्तम विचार आहे. लिहितो."

कोचावरून "अं, अं" असे दोन आवाज आले. दादाच्या डोळ्यांत मीठ उतरलं होतं. वजीरचं तोंड उघडं होतं, पण शब्द अजून वाटेत होता. तिने वहिनीकडे पाहिलं.

वहिनीला काहीच करायचं नव्हतं. बोलायचंसुद्धा नव्हतं. आठवडाभर जो संयम अंगी बाणवायची धडपड केली तो आता फुकटात मिळत होता: नुसतं गप्प उभं राहायचं, आणि तिच्या मनातली परिचारिका कागदावर उतरणार होती. वचनही मोडलं नसतं. सल्लागाराने लेखणी टेकवली.

"साहेब," ती म्हणाली, "उन्हातून आलात. आधी पाणी घ्या."

आणि तिने आपला ग्लास त्याच्या हातात दिला.

सल्लागार सभ्य माणूस. त्याने आभार मानून मोठा घोट घेतला. मग त्याचे डोळे विस्फारले. गिळवेना. थुंकायला जागा दिसेना. समोर गालिचा, शेजारी त्याचेच कागद, आणि घरचे सगळे आदराने त्याच्याकडे बघत होते, कोचावरच्या दोघांचे तर गालही फुगलेले. या घराची काही रीत असावी, असं वाटून तो निमूट बसून राहिला.

"…बाई… हवी," वजीरने वाक्य पुरं केलं. आणि एवढ्या शांततेत दुसरं सुरू केलं. "संध्याकाळी… मी… सांगेन… तेव्हा… झोपेन. पैशातून… बाहेर… जायची… गाडी… हवी. बाजारात… जायचंय. माणसं… बघायचीत. कंटाळा… आला… तर… परत… येईन. भीती… मला… वाटत… नाही. ती… वहिनीची… आहे. तिची… तिला… ठेवा."

सल्लागार लिहीत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण लेखणी थांबत नव्हती. शेवटचं क्रियापद टिपल्यावर तो मोरीकडे धावला.

"मीठ होतं त्यात," परत येऊन तो क्षीण आवाजात म्हणाला.

"घशाला चांगलं," सासूबाई म्हणाल्या.

त्याने कागद चाळले. मागच्या वेळच्या टिपणावर तिरकी रेघ मारताना त्याचे कान लाल झाले. "त्या शिवणवाल्या बाईंना उचलायचं, धरायचं शिक्षण कार्यालय देईल. घरच्यांची काही हरकत?" विचारून तो वहिनीकडे वळला, कारण तिचा चेहरा सगळं सांगत होता.

"हरकत नाही," वहिनी म्हणाली. "काळजी आहे. ती माझी मी बघते."

टाचणीचं शिक्षण पार पडलं आणि ती एका संध्याकाळी कामावर आली. वहिनीने छकुलीला कडेवर घेऊन वजीरच्या खोलीबाहेर फेऱ्या घालायला सुरुवात केली. आत खुर्चीच्या पट्ट्यांची खुडबुड झाली. मग धप्प असा आवाज.

वहिनीने दार ढकललं. वजीर जमिनीवर, पाठीशी पलंग, मांडीवर टाचणीचा एक पाय. टाचणी तिच्या शेजारी फतकल मारून बसलेली, एका हातात सुटलेला पट्टा. लागलं कुणालाच नव्हतं, कारण पडता पडता दोघींनी गादी खाली ओढली होती.

"चाकाला ब्रेक लावायचा राहिला," टाचणी म्हणाली. "चूक माझी."

"अगं बाई, कुठे लागलं? मी उचलते, तू सरक, मी सांगितलं होतं की—"

"वहिनी," वजीर म्हणाली.

वहिनी थांबली. छकुलीने तिचा कान ओढला तरी थांबली.

"चूक… आमची… आहे. ब्रेक… लाव… म्हणायला… मी… विसरले." वजीरच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की जणू तिला ती चूक बक्षीस मिळाली होती. "आता… आम्ही… कसं… उठायचं… ते… बघतो. तू… दार…"

वहिनीच्या ओठांवर 'उघडं ठेवते' हे दोन्ही शब्द तयार होते.

"…लावून… घे."

तिने दार लावून घेतलं. आतून टाचणी म्हणाली, "बरं, आता उठायला सुरुवात कुठून करायची?" आणि मग दोघी जमिनीवर बसल्या बसल्या हसायला लागल्या, आणि ते हसू काही केल्या आवरेना. वहिनी दाराबाहेर उभी राहून नखं खात राहिली. तेवढं तिच्या अखत्यारीत होतं.